रोजचा खेळाचा तास: सोसायटीच्या आवारात मुलांनी आणि मोठ्यांनी एकत्र खेळायचं कसं

संध्याकाळी साडेपाचला एक मूल खाली उतरतं, आवार रिकामं दिसतं, पाच मिनिटं भिंतीवर चेंडू आपटतं आणि वर जातं. पावणेसहाला दुसरं उतरतं, तेही तसंच परत. चाळीस घरांच्या सोसायटीत वीस-पंचवीस मुलं असूनही "खाली कोणीच नाही" हे रोज खरं ठरतं. म्हणून सुरुवात सामानापासून करू नका. आधी वेळ बांधा, मग आवार तपासा, मोठ्यांची अंगं तयार करा आणि खेळ सगळ्यांत शेवटी ठरवा. बरेच जण उलट्या टोकाने सुरू करतात. बॅडमिंटनचं जाळं, बास्केटची रिंग आणली जाते आणि दोन महिन्यांत तिच्यावर चादरी वाळत पडतात.

बाहेरच का?

जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप सरळ आहे. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. ५ ते १७ वर्षांच्या मुलांचा रोज सरासरी ६० मिनिटं असा खेळ व्हावा की श्वास जोरात चालेल. मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम हवेत, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सरावही. हे घरातल्या सायकलवरही जमेल. पण काही गोष्टी घरात मिळतच नाहीत.

पहिली म्हणजे उजेड. दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर दुपारी उघड्यावर सहज दहा हजारांच्या वर जातो. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन हे रसायन जास्त सुटतं आणि बुबुळापासून पडद्यापर्यंतची डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग त्यामुळे मंदावतो, असं मानलं जातं. लांबचं धूसर दिसण्याचं मूळ या वाढत्या लांबीतच असतं. चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याजोगा दोष आढळला, तर नेहमीच्याच वेळापत्रकाच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. एक मात्र ध्यानात घ्या, हा परिणाम दिवसाच्या उजेडाचा आहे. सात वाजता हॅलोजन लावून खेळलेलं क्रिकेट अंगाला चांगलं, डोळ्यांच्या हिशेबात ते धरू नका. शाळेची मधली सुट्टी वर्गाबाहेर जाते की नाही, हे पालकसभेत विचारण्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट हाडं. पोहणं आणि सायकल फुप्फुसांना उत्तम, पण हाड घट्ट व्हायला दणका लागतो: उडी, लंगडी, अचानक थांबणं, दिशा बदलणं. वयात येताना उंची सर्वांत झपाट्याने वाढते, त्याच्या आगेमागे दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडातल्या खनिजाचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. आणि नेमक्या त्याच वयात, सातवी-आठवीत, क्लासच्या नावाखाली खेळ बंद होतो, मुलींचा तर आधीच. खेळाच्या तासाची सगळ्यांत जास्त गरज या मुलींना आहे.

तिसरी गोष्ट ऊन. डी जीवनसत्त्वाबद्दल मोठा गैरसमज आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. म्हणजे सकाळी सातचं "कोवळं ऊन" आणि संध्याकाळचं तिरपं ऊन या कामाचं नाही, आणि खिडकीच्या काचेतून येणारं तर नाहीच. संध्याकाळच्या खेळाने ही उणीव भरून निघेल असं मानू नका. कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांनी दिलेला डोस पुरा करा.

पहिली पायरी: वेळ

आठवड्यातले सहा दिवस, एकच वेळ, एकच तास. सुरुवातीला तीनच घरं पुरेत, पण ती तीन घरं रोज उतरली पाहिजेत. दोन आठवडे रोज त्याच वेळी चेंडूचा आवाज आला की बाकीची मुलं आपोआप उतरतात. ग्रुपवर निरोप टाकण्यापेक्षा तो आवाज जास्त काम करतो.

वेळ ठरवताना सूर्यास्त बघा. मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासात होतात. नागपूर-चंद्रपूरकडे डिसेंबरात साडेपाचलाच सूर्य जातो. तेव्हा वर्षभर "सहा ते सात" असा बोर्ड लावला की हिवाळ्यात तास अंधारात जातो. नोव्हेंबर ते जानेवारी पावणेपाच ते पावणेसहा आणि बाकी काळात साडेपाच ते साडेसहा, असे दोन हंगाम धरा. मार्च ते मे मराठवाडा-विदर्भात संध्याकाळीही फरशी तापलेली असते, तिथे सकाळी सहा ते सात घ्या.

तास पाळण्याचा दुसरा फायदा म्हणजे शेजाऱ्यांशी तंटा कमी होतो. तळमजल्यावरच्या काकांना आवाजापेक्षा जास्त त्रास तो कधी थांबणार हे माहीत नसण्याचा होतो. कमिटीकडे परवानगी मागताना सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, मऊ चेंडू आणि काच फुटल्यास भरपाई कोण देणार, या चार गोष्टी एका कागदावर लिहून द्या. "लहान मुलं आहेत, समजून घ्या" या विनंतीवर कोणतीही कमिटी फार दिवस टिकत नाही.

दुसरी पायरी: आवार

अनवाणी चालणाऱ्या मुलाच्या नजरेने एकदा आवार फिरा, म्हणजे जमिनीपासून साडेतीन फुटांवरून. एसीची बाहेरची पेटी, गाडीचा उघडा टेलगेट, कपड्यांची तार, मीटर-पेटीचा कोपरा या गोष्टी मोठ्यांच्या छातीशी आणि मुलांच्या कपाळाशी येतात. खाली बघाल तर फुटकी काच, खिळे, हलणारं चेंबरचं झाकण, उचकटलेला पेव्हर ब्लॉक, नळाखालचं शेवाळ. पेव्हरची अर्ध्या इंचाची उचललेली कड धावणाऱ्या पायाला पुरते. अशा जागा खडूने गोल करून त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

भिंत, कार आणि मैदानाची रेघ यांत किमान २ मीटर मोकळी जागा सोडा. मूल रेघेवर थांबत नाही, रेघेपलीकडे दोन-तीन पावलं जाऊन थांबतं. सर्वाधिक धोका रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा, कारण मागच्या काचेतून खाली वाकलेलं मूल दिसतच नाही. तासभर त्या बाजूला आडवी दोरी बांधा आणि वॉचमनला सांगा, की गाडी आली तर आधी खेळ थांबेल, मग दोरी सुटेल.

घसरगुंडी किंवा झोपाळा असेल तर त्याखालची जमीन बघा. टणक जमीन आणि फरशी तिथे चालत नाही. ९ इंच सैल वाळू साधारण ४ फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळते. पण वाळू पायाने सरकते आणि नेमकी झोपाळ्याखालीच खड्डा पडतो, म्हणून महिन्यातून एकदा फावड्याने सारखी करायला हवी.

सामान थोडकं लागतं: तीन टेनिस चेंडू, आखणीसाठी रांगोळी किंवा जाड खडू, १५ मीटर दोरी, पत्र्याऐवजी प्लॅस्टिकचा एक रिकामा डबा, आणि लगोरीचे तुकडे. मैदानाची फक्की म्हणून कळीचा चुना आणू नका. तो डोळ्यात गेला तर भाजतं.

तिसरी पायरी: मोठ्यांची अंगं

मुलांना वॉर्म-अप लागत नाही, खेळाची पहिली पाच मिनिटं हाच त्यांचा वॉर्म-अप. पस्तिशी-चाळिशीच्या बाबांचं तसं नाही. दहा वर्षं न धावलेला माणूस पहिल्याच दिवशी मुलाला पकडायला झेप घेतो आणि पोटरीत मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटून खाली बसतो. टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे अकिलिस, तुटल्याचं हे ठरलेलं वर्णन आहे, आणि तीस ते पन्नास वयाच्या हौशी खेळाडूंत ती जास्त तुटते. अशी कळ आली आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर मालिश-शेक करत बसू नका. त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाला दाखवा.

खेळाआधी आठ मिनिटं अशी घालवा. तीन मिनिटं झपझप चाला. मग भिंतीला हात टेकून चवड्यावर पंधरा वेळा वर-खाली व्हा, थोडं थांबून पुन्हा पंधरा. पुढे गुडघे उचलत वीस पावलं, आडवं सरकत दहा पावलं डावीकडे आणि दहा उजवीकडे. शेवटी १५ मीटरच्या तीन धावा: पहिली अर्ध्या जोरात, दुसरी त्याहून थोडी वेगात, तिसरी जवळपास पूर्ण. पहिले दोन आठवडे मोठ्यांनी दिवसाआडच आणि जास्तीत जास्त वीस मिनिटं खेळावं, तेही राज्य न घेता, फक्त पळणाऱ्यांत. बूट हवेतच. चपला घालून धावलं की घोटा मुरगळू शकतो.

मधुमेहाची अशी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल की साखर उतरू शकते, तर खिशात चार चमचे साखरेची पुडी ठेवा. हृदयविकार, चढलेला रक्तदाब किंवा चालताना छातीत दाटल्यासारखं होणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आज्या-मावश्या "आम्ही काय खेळायचं आता" म्हणत कट्ट्यावर बसतात. त्यांना लगोरीत ओढू नका, फुगडीला बोलवा. मंगळागौर जागवलेल्या बाईला ती शिकवावी लागत नाही. हात आडवे गुंफून पंजे घट्ट धरायचे, पावलं जवळ, अंग मागे झोकून. मातीवर किंवा हिरवळीवरच, फेऱ्या मोजक्या आणि थांबताना हळूहळू. चक्कर येण्याची सवय किंवा ठिसूळ हाडं असतील तर झिम्मा बरा.

लगोरी: एक डाव, सगळ्या वयांना

एकच खेळ शिकवायचा असेल तर लगोरी घ्या. नेम, धाव, चुकवणं आणि घाईत हात स्थिर ठेवणं हे सगळं दहा मिनिटांत होतं.

सात तुकडे लागतात. शहाबादी किंवा कडाप्प्याचे दोन-अडीच सेंटीमीटर जाडीचे तुकडे फरशीवाल्याकडे फुकट पडलेले असतात. सर्वांत खालचा तळहाताहून थोडा मोठा, साधारण १५ सेंटीमीटर, वरचा ५-६ सेंटीमीटर, मधले उतरत्या मापाचे. कडा खडबडीत दगडावर घासून बोथट करा, नाहीतर पहिल्याच दिवशी बोट कापतं. पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर सुताराकडून लाकडी चकत्या करून घ्या. दगड उंचावरून पायावर पडला तर नख जातं.

लगोर रचून भोवती एक मीटरचं वर्तुळ आखा. चेंडू फेकायची रेघ मोठ्यांना ५ मीटरवर, दहाच्या आतल्यांना ३ मीटरवर. पाच-पाच भिडूंचे दोन गट करा. फोडणाऱ्या गटातल्या प्रत्येकाला तीन फेकी. लगोर फुटली नाही आणि चेंडू एका टप्प्यावर समोरच्याने झेलला, तर फेकणारा बाद. फुटली की फोडणाऱ्यांनी ती पुन्हा रचायची आणि समोरच्यांनी चेंडूने त्यांना टिपायचं. रचून "लगोरी!" असं ओरडलं की गुण. आधी चेंडू लागला तर डाव समोरच्यांकडे.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. एक दांडगा मुलगा चेंडू धरून पळत सुटतो आणि बाकीचे बघत राहतात. म्हणून चेंडू हातात असताना पाय हलवायचा नाही आणि तीन आकडे मोजेपर्यंत तो सोडायचाच, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. मग पास देणं आपोआप येतं आणि लहानग्यांच्या हाती चेंडू पडतो. मारायचं कमरेखाली, डोक्याला लागला तर मारणारा बाद. पावसात टेनिसचा चेंडू पाणी पिऊन जड होतो आणि वळ उठतो. ओल्या दिवशी पोकळ रबरी चेंडू घ्या. रचणाऱ्यांचं आणखी एक चुकतं: सगळे एकदम लगोरीवर तुटून पडतात. दोघांनी रचावं, तिघांनी समोरच्यांना भुलवत दूर न्यावं. हे मात्र सांगू नका, चौथ्या-पाचव्या डावात मुलं स्वतःच शोधतात, आणि त्या दिवसाचा त्यांचा तोरा बघण्यासारखा असतो.

बाकीचे खेळ थोडक्यात

लंगडीला ६ बाय ६ मीटरचा चौकोन आणि नऊ-दहा जण पुरतात. काँक्रीटवर एका पायावर सलग दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त घालू नका, आणि पुढच्या डावाला पाय बदला. माती असेल तर उत्तम.

खो-खोचं पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटर असतं, ते सोसायटीत मिळत नाही. साधारण १३ बाय ८ मीटरमध्ये चार जण बसवा आणि खांबाऐवजी प्लॅस्टिकचे शंकू ठेवा. खो देताना मुलं ढकलतात आणि बसलेलं मूल तोंडावर जातं. तळहात दोन खांद्यांच्या मधोमध टेकवायचा आणि मग "खो" म्हणायचं, हा क्रम आधी चालत, मग धावत घोटवून घ्या. ज्यांचे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत त्यांना पंच करा. बाद की नाही यावर निर्णय देणारं मोठं माणूस लागतंच.

डबा ऐसपैसला गाड्या, जिने, खांब असलेलं आवार मैदानापेक्षा बरं. फक्त गच्ची, लिफ्ट, पाण्याची टाकी आणि गाड्यांच्या खाली लपायला सक्त मनाई.

झाडावर चढण्याबाबत एकच नियम पाळा. मुलाला उचलून फांदीवर ठेवू नका. स्वतः चढलेलं मूल बहुतेक वेळा स्वतः उतरू शकतं, ठेवलेलं अडकतं. वर असताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. पावसाळ्यात ओल्या बुंध्यावर नको.

लिंबूटिंबू, चकणं आणि भांडणं

तीन वर्षांचा आणि तेरा वर्षांचा एका खेळात बसवायची युक्ती मराठी मुलांनी कधीच शोधून ठेवलीय. लहानगा लिंबूटिंबू, तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण धावतो सगळ्यांबरोबर. ही सवलत कधी संपते ते मात्र मुलांनाच ठरवू द्या. "आता मी पक्का" असं ते पोर स्वतः सांगतं.

राज्य कोणावर हे मोठ्यांनी नेमू नये. त्यासाठी चकायचं: गोल करून हात पालथे-उताणे टाकायचे, वेगळा पडला तो सुटला, शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. यात अर्धा मिनिट जातो आणि पक्षपाताची तक्रार मिटते. भांडण झालं तर आधी दोन मिनिटं लांबूनच बघा. हात उगारला, शिवी आली किंवा सगळे एकावरच तुटून पडले, तर मध्ये पडा. बाकी वेळी "डाव परत" हा तोडगा मुलं स्वतःच काढतात. मोठ्यांच्या हातात शिट्टी आणि बक्षिसं आली की आठवड्याभरात खेळाचा वर्ग होतो आणि मागे राहणारी मुलं यायची थांबतात.

ऊन, वीज, धूर

पाणी खेळ संपल्यावर एकदम पाजण्यापेक्षा मधून मधून पाजा. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर, म्हणजे एक छोटा पेला. तासाभराच्या खेळाला साधं पाणी पुरतं, रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही. उन्हात कोणी बरळायला लागलं, अंग तापलं आणि झोक जाऊ लागला तर तो उष्माघात धरा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी पाजू नका.

एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस विजेचा असतो. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. झाडाखाली थांबायचं नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडत असल्याची सूचना देतं. साध्या रिमझिमीत खेळायला हरकत नाही, पण पायाला जखम असेल तर साठलेल्या पाण्यात उतरायचं नाही. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोचा ताप त्याच वाटेने येतो. तशा पाण्यातून गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

हिवाळ्यात शहरातली हवा 'समीर' ॲपवर बघा. प्रदूषणाचा निर्देशांक २०० च्या वर असेल तर धावाधाव कमी करून गोट्या, भोवरा काढा. ३०० च्या वर असेल तर तास रद्द. दम्याच्या मुलाचा पंप खाली आणायचा, घरातल्या कपाटात ठेवायचा नाही.

लागलं तर

खरचटलेलं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, त्यात हळद-माती भरू नका. जखम खोल असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते बघा. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे मान मागे टाकून डोक्यावर पाणी मारतात. त्याने रक्त घशात जातं. मान पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरा.

पक्का दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. माती लागली असेल तर गार पाण्यात किंवा दुधात क्षणभर हलवा. मूल शहाणं असेल तर दात जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाहीतर पेलाभर थंड दुधात टाकून अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात बसवायचा नसतो.

डोक्याला मार लागलेलं मूल त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, कितीही म्हणालं तरी. एकापेक्षा जास्त उलट्या, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा दोन बाहुल्यांच्या आकारात फरक दिसला तर लगेच रुग्णालय.

मोठी दुखापत झाली की दुसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची सभा होते आणि "खेळ बंद" असा कागद चिकटतो. त्याआधीच, त्याच संध्याकाळी, पडलेल्या जागेचा फोटो काढा आणि कारण लिहा: उचकटलेला ब्लॉक, ओली फरशी, रेघेजवळ लावलेली गाडी. दुरुस्ती कोण आणि कधी करणार ते त्याच कागदावर टाका, तोवर तेवढा कोपरा दोरीने बंद करा, आणि उरलेल्या आवारात तास ठरलेल्या वेळीच सुरू करा.